दहाची गोटी का फुटली? क्लच प्लेटच्या एका कामावरून छोट्या ड्राइव्हच्या इम्पॅक्ट गोट्यांचा हिशोब

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराला लागून असलेल्या एका गॅरेजात ऐन पावसाळ्यात एक छोटी हॅचबॅक आली. गाडी गगनबावडा भागात रोज फिरणारी. तक्रार नेहमीची: घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मात्र पुढे सरकत नाही. क्लच प्लेट संपलेली. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे गिअरबॉक्स खाली घेतल्याशिवाय प्लेट बदलता येत नाही. काम दीड दिवसाचं धरलं होतं, ते तिसऱ्या दिवशी दुपारी संपलं. मधल्या वेळात एक गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारं सॉकेट) फुटली, एक रिड्यूसर (मोठ्या चौकोनाच्या गनवर छोट्या चौकोनाची गोटी बसवणारा जोड) मोडला आणि अ‍ॅल्युमिनियममधल्या एका भोकाचे आटे गेले. तिन्ही घटना छोट्या ड्राइव्हच्या, म्हणजे गोटीच्या पाठीत बसणारा चौकोन लहान असलेल्या, हत्यारांनी काम करताना घडल्या, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत. हा फरक लक्षात न आल्यामुळे बरीच गॅरेजं एक तर छोट्या मापाचा, गनसाठीच्या काळ्या गोट्यांचा संच घेतच नाहीत, नाहीतर घेतल्यावर पुन्हा तेच नुकसान करून बसतात.

गॅरेजात हत्यारं बरी होती. कंप्रेसरवर चालणारी अर्धा इंची एअर गन आणि तिच्यासाठी १७, १९, २१ आणि २४ मिलिमीटरच्या काळ्या इम्पॅक्ट, म्हणजे ठोके सोसणाऱ्या, गोट्या. बॅटरीवरचा १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ज्याच्या तोंडात पाव इंची षटकोनी बिट बसतं आणि ज्याची कागदावरची पिळण्याची ताकद १७० न्यूटन-मीटरच्या घरात आहे. हातकामासाठी पाव इंची आणि तीन सुती असे दोन चकचकीत क्रोम संच. तीन सूत म्हणजे ३/८ इंच. चौकोनाची बाजू साडेनऊ मिलिमीटर. पाव इंचीची ६.३५ आणि अर्धा इंचीची १२.७. आंतरराष्ट्रीय मापात याच चौकोनांना ६.३, १० आणि १२.५ म्हणतात, म्हणून काही गोट्यांवर किंवा डब्यांवर हे आकडे छापलेले दिसतात. चौकोन तोच असतो.

कुठल्या बोल्टला कुठली गोटी लागणार हे गाडीच्या घराण्यावर ठरतं. ही गाडी जपानी पद्धतीच्या डोक्यांची होती: एम ६ (सहा मिलिमीटर आट्यांच्या) बोल्टला १० ची गोटी, एम ८ ला १२, एम १० ला १४, एम १२ ला १७. युरोपी पद्धतीच्या गाडीत एम ८ ला १३ आणि एम १० ला १६ किंवा १७ लागते. म्हणजे क्लचच्या कामात चाकाचे नट वगळले, तर बहुतेक सगळं काम १० ते १७ या मापांत होतं, आणि इथला अर्धा इंची काळा संच सुरूच होतो १७ पासून. गॅरेजातली खरी पोकळी ती होती. तिच्याकडे आधी कुणी पाहिलं नाही, कारण काम कसंतरी निघत होतं.

पहिली घटना: दहाची गोटी

खालचं प्लास्टिकचं कव्हर आणि चाकाच्या आतली मडगार्डची लायनिंग मिळून दहाच्या डोक्याचे चौदा बोल्ट होते. शिकाऊ पोराने इम्पॅक्ट ड्रायव्हरला षटकोनी-ते-चौकोनी अ‍ॅडॅप्टर लावला, त्यावर हातसंचातली दहाची क्रोम गोटी बसवली आणि बोल्ट काढायला घेतले. अकरा बोल्ट भराभर निघाले. बारावा लाल मातीने आणि गंजाने धरलेला. ट्रिगर पाच-सहा सेकंद तसाच दाबून ठेवला, टणत्कार बदलला आणि गोटी एका कोपऱ्यातून उभी फाटली. तुकडा चाकाच्या कमानीवर आपटला. पोराच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तुकडा वर उडाला असता तर हे प्रकरण गोट्यांचं राहिलं नसतं.

फाटलेली गोटी व्हर्नियरने मोजली. बाहेरचा व्यास १३.७५ मिमी. दहाच्या षटकोनाची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची लांबी ११.५५ मिमी होते. उरलेल्या २.२ मिमीची निम्मी, म्हणजे कोपऱ्याजवळ भिंत जेमतेम १.१ मिमी. गनचा प्रत्येक ठोका बोल्टच्या कोपऱ्यांवरून याच सहा पातळ जागांवर येतो. हातगोटी क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असते आणि मुद्दाम कडक ठेवलेली असते, म्हणजे भिंत पातळ ठेवून अडचणीच्या जागी घालता येते आणि हाताच्या सरळ जोराला ती पुरते. तो कडकपणा ठोक्याखाली उलटतो: धातू थोडाही वाकून ठोका पचवत नाही, एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते आणि पुढच्या काही ठोक्यांत ती आरपार जाते. वर क्रोमचा थर असतो. तो आधी पापुद्र्यासारखा सुटतो, आणि त्याची कड ब्लेडसारखी बोट कापते.

काळी इम्पॅक्ट गोटी बहुतेक क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असते, कडकपणा जरा उतरवलेला, भिंत जाड, वर क्रोमऐवजी काळा फॉस्फेट किंवा ऑक्साइडचा थर. त्याच दहाच्या पाव इंची काळ्या गोटीचा बाहेरचा व्यास १५ मिमीच्या आसपास येतो. कोपऱ्यातली भिंत मग १.७ मिमी. आकड्यात फरक सहा दशांश मिलिमीटरचा, पण भिंत दीडपट झाली. जास्तीचा भार आला तर अशी गोटी बहुधा तोंडाशी फाकते, चौकोन झिजतो. तुकडे होऊन उडण्याची शक्यता खूप कमी होते. पैसे खरे याच गोष्टीसाठी मोजायचे.

दुसरी घटना: रिड्यूसर

गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगचे (इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या घेराचे) खालचे बोल्ट १४ च्या डोक्याचे. मिस्त्रीने एअर गन घेतली. पण अर्धा इंचीत १४ ची काळी गोटी नव्हती, आणि असती तरी तिचा जाड घेर कास्टिंगच्या (ओतीव अंगाच्या) उभ्या रिबांमध्ये गेला नसता. म्हणून गनवर अर्धा-ते-तीन-सूत रिड्यूसर, त्यावर सहा इंची तीन सुती क्रोम एक्स्टेंशन (लांबी वाढवणारा दांडा), त्यावर १४ ची क्रोम गोटी. दोन बोल्ट सुटले. तिसऱ्याला रिड्यूसरचा चौकोन मुळाशी कातरला गेला आणि त्याचा ठोकळा एक्स्टेंशनच्या खाचेत अडकून बसला. बोल्ट जागचा हलला नव्हता.

इथे जरा गणित मांडायला हवं, कारण छोट्या ड्राइव्हबद्दलचे सगळे वाद या एका हिशोबाने मिटतात. चौकोनी दांडा पिळला की त्यात उठणारा सर्वात मोठा कातरताण म्हणजे पिळाचा जोर भागिले ०.२०८ गुणिले बाजूचा घन. यातला घन महत्त्वाचा. पाव इंचीवरून तीन सुतावर गेलं की बाजू दीडपट होते, ताकद मात्र ३.४ पट. पाव इंचीवरून अर्ध्या इंचावर गेलं की ताकद आठपट. चांगल्या उष्णता-प्रक्रियेचं हत्यारी पोलाद कातरताणाला चौरस मिलिमीटरला ११०० न्यूटनच्या आसपास टिकतं असं धरलं, तर पाव इंची चौकोन साधारण ६० न्यूटन-मीटरला हात टेकतो, तीन सुती २०० ला आणि अर्धा इंची ४७० ला. पोलादाच्या प्रतीप्रमाणे आकडे मागेपुढे होतील, प्रमाण बदलत नाही. गॅरेजच्या भाषेत (एक किलो म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला एक किलोचा जोर) सांगायचं तर पाव इंचीची झेप सहा किलो, तीन सुतीची वीस, अर्धा इंचीची सत्तेचाळीस.

आता १७० न्यूटन-मीटरचा ड्रायव्हर पाव इंची चौकोनावर लावला की काय होणार हे सांगायला नको. कागदावरचा आकडा प्रत्यक्षात पूर्ण पोहोचत नाही म्हणून रोज चौकोन मोडत नाहीत, इतकंच. एअर गनची ताकद तीन सुती चौकोनाच्या कितीतरी वर असते. रिड्यूसर लावला म्हणून गनची ताकद कमी होत नाही, साखळीतली सगळ्यात बारीक कडी तेवढी बदलते.

बोल्ट का सुटला नाही, हेही याच साखळीत आहे. गनचं काम ठोक्याचं. आतला हातोडा फिरत येतो आणि ऐरणीवर आपटतो, सेकंदाला कितीतरी वेळा. ठोक्याची ऊर्जा ठरलेली. ती बोल्टपर्यंत जाताना वाटेत जे जे पिळतं ते ते स्प्रिंगसारखं ती ऊर्जा पिऊन टाकतं. सहा इंची बारीक एक्स्टेंशन म्हणजे चक्क टॉर्शन बार, पिळाची स्प्रिंग. दांड्याचा पिळाविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, त्यामुळे बारीक दांडा फार पटकन मऊ होतो. त्यात प्रत्येक जोडाची ढिलाई. रिड्यूसर, एक्स्टेंशन, गोटी, बोल्टचं गंजलेलं डोकं असे चार जोड. गन बाहेर जोरात वाजते, बोल्टला थपडा बसतात. टायरच्या दुकानांत चाकाचे नट जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून ज्या बारीक टॉर्क स्टिक वापरतात त्या याच तत्त्वावर चालतात. इथे ते तत्त्व आपल्याच विरुद्ध गेलं.

त्या रात्री बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं. सकाळी शेजारच्या गॅरेजातून बॅटरीवरची छोटी तीन सुती गन आणि तीन सुती १४ ची लांब काळी गोटी आणली. एक्स्टेंशन नाही, रिड्यूसर नाही. दोन सेकंदांचे तीन झटके दिले आणि बोल्ट सुटला. याचं सगळं श्रेय काळ्या गोटीला देणं बरोबर नाही; रात्रभर मुरलेल्या तेलाचा वाटा मोठा होता. पण आदल्या संध्याकाळी ज्या जागेत अर्धा इंची गोटी जात नव्हती तिथे तीन सुती गोटी गेली, आणि ताकद मधे कुठेही न मुरता बोल्टपर्यंत पोहोचली, हेही तितकंच खरं.

तिसरी घटना: आटे

प्लेट बसली, गिअरबॉक्स चढला, आणि सगळं परत जोडताना नुकसान झालं. गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियम अंगावर वायरिंगचा ब्रॅकेट धरणारा एम ६ चा बोल्ट होता. पोराने तो ड्रायव्हरने आवळला. या वेळी शेजारच्या संचातली दहाची काळी गोटी लावली होती. टक-टक असे चार-पाच ठोके, आणि बोल्ट फिरतच राहिला. आटे बोल्टला गुंडाळून बाहेर आले.

साध्या ८.८ प्रतीच्या एम ६ बोल्टला १० न्यूटन-मीटर, म्हणजे एक किलो, इतकंच आवळायचं असतं. बोल्ट मोडायला त्याच्या फार वर जावं लागत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे त्याच्याही आधी सुटतात. ड्रायव्हर सर्वात हलक्या गतीवर ठेवला तरी ठोके सुरू झाले की एक किलो केव्हाच मागे पडलेला असतो. हाताला इशारा मिळत नाही. रॅचेटवर (गोटी फिरवायच्या हाताच्या पान्यावर) बोल्ट बसल्याचं तळव्याला कळतं. गनमध्ये ठोक्याची उलट प्रतिक्रिया मनगटापर्यंत येतच नाही, आणि तोच तिचा गुण म्हणून आपण ती वापरतो.

म्हणून एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. काळी गोटी गोटीला वाचवते, डोळ्याला वाचवते, काही प्रमाणात बोल्टच्या डोक्याला वाचवते. आट्यांना ती वाचवत नाही. पहिल्या दोन घटना काळा संच असता तर टळल्या असत्या. ही टळली नसती.

भोक हेलिकॉइलने, म्हणजे नवे आटे देणाऱ्या तारेच्या कॉइलने, सांधलं. एम ६ साठी ६.३ मिमीचं ड्रिल, मग संचासोबत येणारा खास टॅप, केरोसीन लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा. ९ मिमी लांबीची कॉइल पृष्ठभागाच्या खाली अर्धा-एक आटा जाईल अशी बसवली आणि शेपूट तोडून चिमट्याने बाहेर काढली. ड्रिल करताना भोकाच्या तोंडाशी ग्रीसचा गोळा ठेवायचा, चुरा गिअरबॉक्सच्या कुठल्याही छिद्रात जाता कामा नये. पाऊण तास गेला. दहाचा एक बोल्ट हाताने आवळायला अर्धं मिनिटही लागत नाही.

संच कुठला घेतला आणि कुठला घेतला नाही

मालकाच्या मनात आधी पाव इंची, तीन सुती आणि अर्धा इंची असा तिन्ही मापांचा मोठा डबा घ्यायचं होतं. त्यातल्या निम्म्या गोट्यांना वर्षभर हात लागला नसता. शेवटी घेतलं ते असं.

तीन सुती काळ्या गोट्या, सहा कोपऱ्यांच्या: १०, १२, १३, १४ आणि १७, आखूड आणि लांब दोन्ही. बारा कोपऱ्यांच्या काळ्या गोट्या मुद्दाम टाळल्या. बोल्ट गंजलेला असला की बारा कोपऱ्यांत पकड फक्त टोकाशी राहते आणि डोकं गोल होतं. सोबत तीन इंची आणि सहा इंची काळं एक्स्टेंशन, एक इम्पॅक्ट युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा जोड). गन बॅटरीवरची, तीन सुती चौकोनाची, साधारण १५० न्यूटन-मीटरच्या वर्गातली. यापेक्षा तगडी तीन सुती गन बाजारात मिळते, पण वरचा २०० चा हिशोब पाहिला की ती ताकद चौकोनाला खायलाच उठते. तेवढ्या जोराचं काम असेल तर अर्धा इंची उचलावी.

पाव इंचीत फक्त ८, १० आणि १२, तेही अ‍ॅडॅप्टरवाल्या नव्हेत, तर मागचा दांडाच षटकोनी असलेल्या अखंड गोट्या. त्या थेट ड्रायव्हरच्या तोंडात बसतात. मधला चौकोन गेला, त्याबरोबर ढिलाई गेली आणि लांबीही इंचभर घटली. अ‍ॅडॅप्टर मोडतो तो नेहमी मानेशी, आणि मोडताना गोटी बोल्टवर राहते, ड्रायव्हर मात्र पुढे निसटतो आणि हात रेडिएटरच्या जाळीवर जातो.

पाव इंची काळ्या गोट्यांचा उपयोग आहे का, हा प्रश्न मिस्त्री लोक सर्रास विचारतात. उत्तर कामावर अवलंबून आहे. खालची कव्हरं, लायनिंग, बंपर, हेडलाइट, एअर क्लीनरचा डबा, बॅटरीची ट्रे अशा एम ६ च्या बोल्टांच्या रांगा काढायच्या असतील तर त्या खरोखर हात वाचवतात. चौदा बोल्ट खाली पाठीवर पडून रॅचेटने काढणं हे खांद्याचं काम आहे, आणि पावसाळ्यात अशा तीन-चार गाड्या दिवसाला आल्या की फरक संध्याकाळी जाणवतो. दुचाकीच्या गॅरेजात केसिंगच्या आठच्या डोक्यांना, तेही फक्त काढताना, त्या चालतात. एम ८ च्या वर मात्र पाव इंचीला पाठवू नये. एकच संच घ्यायची ऐपत असेल तर तीन सुती घ्यावा. चारचाकीच्या गॅरेजात १० ते १७ ही मापं तो एकटा सांभाळतो. १९ आणि पुढे अर्धा इंची, त्याला पर्याय नाही. चाकाचा नट तीन सुती गनने सुटतो म्हणून कुणी तो रोज सोडायला लागला, तर काही महिन्यांत गनच्या चौकोनाचे कोपरे गोल झालेले दिसतील.

कामाची पद्धत काय बदलली

काही दिवसांनी त्याच घराण्याची दुसरी गाडी क्लचलाच आली, तेव्हा काम या क्रमाने केलं. आदल्या संध्याकाळी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली, बेलहाउसिंगचे बोल्ट, खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट आणि सायलेन्सरचा फ्लँज यांना तेल सोडलं. सकाळी बोल्टच्या डोक्यांतली माती आधी तारेच्या ब्रशने काढली. हे किरकोळ वाटतं, पण मातीने भरलेल्या डोक्यावर गोटी दोन मिमी वरच राहते, आणि गन लावली की डोक्याचे फक्त वरचे कोपरे धरते. लहान डोक्याची उंचीच चार मिमीच्या आसपास असते. त्यातली निम्मी गेली तर उरलं काय?

गोटी हाताने पूर्ण बसवायची, मग गन. ठोका एक-दोन सेकंदांचा, मग थांबायचं. दोन-तीन झटक्यांत हललं नाही तर दिशा उलटी करून एकदा किंचित आवळायचं, पुन्हा सोडायच्या दिशेने. आटे मोकळे व्हायला ही उलटसुलट हालचाल उपयोगी पडते, सरळ जोर नाही. पाच झटक्यांनंतरही बोल्ट मख्ख असेल तर गन खाली ठेवायची. पुढचा इलाज उष्णता, छिन्नी, नाहीतर वेल्डिंगने नट चिकटवणं. तिथे मोठी गन आणली तर एम ६ आणि एम ८ च्या बोल्टची मुंडीच हातात येते.

काढलेले बोल्ट जागेप्रमाणे पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात लावले. बेलहाउसिंगचे बोल्ट लांबीला वेगवेगळे असतात, आणि आखूड भोकात लांब बोल्ट गेला की तो तळाशी टेकतो, गनला ते कळत नाही आणि कास्टिंगला चीर जाते.

प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या कव्हरचे) सहा बोल्ट एम ८ चे होते, डोकं बाराचं. त्यांना गन लावली नाही, काढतानासुद्धा नाही. आतल्या डायफ्रॅम स्प्रिंगचा दाब सहाही बोल्टांवर असतो. एका बाजूचा बोल्ट गनने सटकन सोडला की कव्हर तिरकं ताणलं जातं. जुनं कव्हर टाकूनच द्यायचं असलं तरी फ्लायव्हीलच्या भोकातल्या आट्यांवर तो तिरका भार येतोच. समोरासमोरचे बोल्ट एक-एक फेरा ढिले करत गेलं पाहिजे. बसवताना प्लेट गाइडने मध्यावर आणून तसंच समोरासमोर, तीन टप्प्यांत, शेवट टॉर्क पान्यावर (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर). एम ८ ला आकडा २० ते २५ च्या दरम्यान असतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तो धरायचा.

जोडताना गन कुठे वापरायची, याबद्दल मिस्त्रीने पोराला एकच वाक्य सांगितलं: “पयले तीन आटे बोटानं, मधलं गननं, शेवटचा पान्यानं.” एम ६ साठी मधलंही नको. बोल्ट बोटांनी तीन आटे गेला नाही तर तो तिरका लागला आहे, आणि गन तिरक्या बोल्टलाही तितक्याच आनंदाने आत नेते. एम १० चे बेलहाउसिंग बोल्ट छोट्या गनने अंगाला टेकेपर्यंत आणले, मग टॉर्क पान्याने ५० च्या आसपास आवळले. चाकाचे नट शेवटी ८५ ते १०० न्यूटन-मीटरला, तेही पान्यानेच.

स्टार्टरच्या जाड तारेचा नट, कॉइल, प्लग, ड्रेन प्लग, ऑइल फिल्टरचं घर आणि ब्लीडर (तेलातली हवा काढायचा स्क्रू) यांच्याजवळ गन नेलीच नाही. स्टार्टरच्या तांब्याच्या स्टडला ठोका बसला की स्टड आतून फिरतो आणि आतली जोडणी तुटते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, स्टार्टर मात्र मेलेला.

काळी गोटी कुठे जात नाही

जाड भिंत ही तिची ताकद आणि तीच तिची अडचण. दुसऱ्या गाडीच्या स्टार्टरचा वरचा बोल्ट कास्टिंगच्या खोल गोल खळग्यात होता. तीन सुती काळी गोटी तोंडाशीच अडली. तिथे क्रोमची पातळ गोटी, हातातलं रॅचेट आणि थोडा धीर. अशा जागी काही जण काळी गोटी उद्यमनगरातल्या लेथवर देऊन बाहेरून उतरवून आणतात. हात जवळ आहेत, काम दहा मिनिटांचं आहे, म्हणून मोह होतो. पण ज्या सहा दशांश मिलिमीटरसाठी पैसे दिले तेच लेथवर चुऱ्यात जातात. ग्राइंडरवर उतरवली तर तापून कडकपणाही जातो. उतरवायचीच असेल तर ती गोटी हातकामाची समजावी, तिच्यावर रंगाने खूण करावी आणि गनच्या पेटीतून बाहेर काढावी.

दुसरा मोह नवीच गोटी बनवून घेण्याचा. फाउंड्री आणि मशिनशॉपच्या या गावात ईएन १९ ची सळई, लेथ, हार्डनिंग-टेंपरिंगची भट्टी सगळं जवळपास मिळतं, आणि ईएन १९ हे क्रोम-मॉलिब्डेनम पोलादच आहे. मोठ्या, चमत्कारिक मापाच्या गोट्या किंवा खाचांचे नट काढायची खास हत्यारं इथे चांगली होतात. १० आणि १२ च्या बाबतीत मात्र ते परवडत नाही. आतला षटकोन दोन-तीन दशांशांनी सैल झाला तरी एवढ्या लहान डोक्यावर तो कोपरे खाणार, आणि एका गोटीसाठी ब्रोचने (आतला षटकोन कापणाऱ्या हत्याराने) नीट काम कुणी करत नाही. ईएन ८ ची (साध्या कार्बन पोलादाची) सळई वापरून नुसती कडक करून दिलेली गोटी तर त्या फुटलेल्या क्रोम गोटीपेक्षाही धोक्याची. मोडलेला रिड्यूसर वेल्ड करून परत वापरणं त्याच यादीत. वेल्डच्या कडेला पोलाद एका बाजूला ठिसूळ आणि दुसऱ्या बाजूला मऊ होतं, पुढचं मोडणं तिथेच ठरलेलं.

युनिव्हर्सल जॉइंटचंही असंच. इम्पॅक्टचा म्हणून घेतला तरी पंधरा-वीस अंशांपुढे वाकवून गन चालवली की ठोका पिनेवर तिरका येतो. शक्य तिथे लांब एक्स्टेंशनने सरळ रेषेत जाणं बरं. ताकद थोडी मुरेल, पण मोडणार नाही.

आता गॅरेजात दोन पेट्या वेगळ्या आहेत. क्रोमच्या प्रत्येक गोटीच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका, म्हणजे गनला बंदी. काळी गोटी रॅचेटवर लावायला हरकत नाही, उलट कधीच नाही. शनिवारी संध्याकाळी पोरगं काळ्या गोट्या डिझेलने धुतं, उजेडात तोंड आणि चौकोन पाहतं. तोंड फाकलेलं असेल, चौकोनाच्या कोपऱ्यात रेघ दिसत असेल किंवा नव्या बोल्टवर गोटी डुगडुगत असेल तर ती भंगारात. हातसंचात टाकायची नाही, कारण तिथून ती गर्दीच्या दिवशी पुन्हा गनवर येतेच. गनच्या चौकोनावरची पकड-रिंग झिजली की गोटी खड्ड्यात पडायला लागते. रिंग बदलायला पाच मिनिटं लागतात. चष्मा गनच्या हँडलला दोरीने बांधला आहे, तो डोळ्यांवर चढवल्याशिवाय गन उचलताच येत नाही.